ठाऊक असलेलं विचारू नये

आसनगाव

सकाळी सातच्या सुमाराला आसनगाव स्टेशनबाहेर उभं राहिलं की आपण उलट्या दिशेचे प्रवासी आहोत हे लगेच कळतं. सगळं गाव कल्याण-मुंबईकडे निघालेलं, आणि मी एकटा स्टेशनकडे पाठ करून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन शहापूरची वाट शोधत होतो. चहाच्या टपरीवर एका गृहस्थांना माझी काळजी वाटली.

"काका, फास्टचा टाइम झाला. इकडं नाय, जिना तिकडं हाय."

मी म्हटलं, "मला मुंबईला नाही जायचं. शेणव्याला जायचंय. शाळा बघायला."

"कुठनं आले?"

"सांगलीहून."

त्यांनी घोट थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तुमचेकडं शाळा नाय काय?" असं म्हणून ते हसले, माझ्या चहाचे पैसे मी नको नको म्हणत असताना देऊन टाकले आणि पास चाचपत जिन्याकडे धावले. पुढचे पाच दिवस या भागात मला कुणी कशाचेच पैसे धडपणे देऊ दिले नाहीत. आमच्या सांगलीकडे पाहुणचार भरपूर, पण तो आधी गावभर सांगून होतो. इथे लोक पाहुणचार करून निघून जातात.

मी कशाला आलो होतो ते इथेच सांगून टाकतो. दोन हजार साली आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं. शिक्षकांना ते शिकवायचं कसं हे सांगणारी एक मार्गदर्शिका आम्ही चौघांनी मिळून लिहिली होती. मी अध्यापक विद्यालयात तीस वर्षं इंग्रजीचं अध्यापनशास्त्र शिकवतो, तेव्हा चौघांत माझा आवाज जरा चढाच होता. तिसरा पाठ तर संपूर्ण माझा. वस्तू हातात धरावी, मुलांना दिसेल अशी उंच करावी, "व्हॉट इज धिस?" असं विचारावं, उत्तर येईपर्यंत तीनदा विचारावं. या पाठावर माझा फार जीव होता. दुसऱ्या वर्षी शेणव्याच्या बाजूच्या एका वाडीवरच्या शिक्षिकेला नोटीस निघाली. बाई मार्गदर्शिकेप्रमाणे शिकवत नाहीत, तपासणीच्या दिवशी एकाही मुलाला "व्हॉट इज धिस?"चं उत्तर देता आलं नाही, असा ठपका होता. बाईंची बदली करायची की नाही हे माझ्या अभिप्रायावर ठरणार होतं. शाळा एकशिक्षकी, म्हणजे बाई गेल्या की दुसरं कुणी येईपर्यंत दाराला कुलूप.

वाडीचं नाव मी लिहीत नाही आणि बाईंचं नाव बदललं आहे. त्यांना आपण सुलभाबाई म्हणू.

शेणवा

सुलभाबाई एसटीच्या थांब्यावर उभ्या होत्या. पस्तिशीच्या, सावळ्या, पायात रबरी चपला. मार्गदर्शिकेचा लेखक स्वतः चौकशीला येतोय म्हटल्यावर कुणाचाही चेहरा उतरेल, पण बाईंच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं. त्या काही सांगू लागल्या तसा मी हात वर केला.

"आधी काही सांगू नका. मी कोऱ्या मनानं बघणार आहे."

"बरं सर," त्या म्हणाल्या आणि खरोखरच गप्प बसल्या. आता आठवलं की माझ्या त्या कोऱ्या मनाचं मलाच हसू येतं. स्वतः लिहिलेलं पुस्तक पिशवीत घेऊन फिरणाऱ्याचं मन कोरं कसलं?

एका दुकानदाराच्या मागच्या खोलीत बाई भाड्याने राहत. त्याच घरी माझी सोय झाली. जेवायला तांदळाची भाकरी, करटोल्याची भाजी आणि सुकट. आम्ही ज्वारी खाणारे लोक, तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं खाणं अशी माझी समजूत. ती भाकरी इतकी मऊ आणि चवदार निघाली की मी चौथी मागून घेतली आणि मग रात्रभर त्याचं फळ भोगलं. सकाळी दुकानदारीणबाईंनी न विचारता ओव्याचं गरम पाणी आणून पुढ्यात ठेवलं.

ऑगस्ट संपत आला होता. पाऊस अधूनमधून शिंतडून जाई. भात पोटरीला आलेलं, लोंब्या पोटात धरून, आणि वाडी गाठायची म्हणजे खाचरांच्या बांधावरून तासभर चालायचं. बाई बांधावरून अशा जात होत्या की घराच्या ओसरीवरून चालल्यात. मी सांगलीच्या बाजारातून घेतलेले नवे बूट घालून आलो होतो. व्हायचं तेच झालं. तिसऱ्या बांधावर पाय सटकला आणि मी कमरेइतका चिखलात उभा राहिलो, छत्री मात्र उघडीच. शेजारच्या खाचरातल्या बायकांतली एक म्हणाली, "सर, आवणी कवाच झाली! तुमी लेट आले!" आवणी म्हणजे भातलावणी. त्या हसल्या, बाई हसल्या, आणि मीही हसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्यातल्याच एकीने बूट धुऊन आणून दिले. ते पुन्हा घालू नका, अनवाणी चला, असंही सांगितलं. मी ऐकलं आणि पुढे एकदाही पडलो नाही.

वाडी

शाळा एका खोलीची, कौलारू. पहिली ते चौथी सगळी मुलं एकत्र, सत्तावीस. भिंतीला टेकून बसायची त्यांची जागा घासून गुळगुळीत झालेली. मी चिखल धुऊन वर्गात शिरलो तेव्हा सगळी उभी राहिली आणि मोकळेपणाने हसली. चुणचुणीत मुलं आहेत, म्हणजे दोष बाईंचाच, असं मी मनात लिहूनही टाकलं.

खडू घेतला. उंच धरला. पुढच्या रांगेत दुसरीतली एक मुलगी बसली होती, जनी तिचं नाव. तिच्याकडे बघून विचारलं, "व्हॉट इज धिस?"

जनीचं हसू गेलं. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

मी आवाज थोडा वाढवून दुसऱ्यांदा विचारलं. आता सगळा वर्ग आपापल्या पायांकडे बघायला लागला. कुणी पाय फ्रॉकखाली ओढून घेतले, कुणी तळवे उलटे करून पाहिले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा शेजारच्या लहानगीचा पाय जनीने मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून घोट्यापर्यंत नीट तपासला. ती लहानगी रडायला लागली.

तीस वर्षांत मी पुष्कळ गप्प वर्ग पाहिलेत. लाजून खाली बघणारी, घाबरून खाली बघणारी मुलं ओळखता येतात. हे तसलं नव्हतं. पण मी तेव्हा तापलो होतो. मी माझी वही काढून लिहिलं, "प्रतिसाद शून्य. मुलांना साधी वस्तूही ओळखता येत नाही." ते वाक्य खोडलेलं अजून माझ्याकडे आहे, आणि ठेवलंय ते मुद्दाम.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी रडणाऱ्या मुलीला उचलून घेतलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "सर, जेवायला जनीच्या घरी जायचंय. तिचे आजोबा वाट बघतायत."

जनीचं घर कुडाचं, शेणाने लख्ख सारवलेलं. आजोबांना सगळी वाडी धर्माबाबा म्हणे. दात दोनच, पण बोलणं स्पष्ट. कोरा चहा झाला, नाचणीची भाकरी आणि भारंगीची भाजी पुढे आली. जनी दारात बसून माझ्याकडे एकटक बघत होती. धर्माबाबांपर्यंत वर्गातली बातमी माझ्या आधी पोचली होती.

"सर," ते म्हणाले, "पोरीला तुमी खडू दावला आनि इचारला, ह्या काय हाय. खरा ना?"

"हो."

"तुमाला म्हाईत नव्हता, खडू हाय?"

"मला माहीत होतं, बाबा."

"मंग कशाला इचारला?"

तिला येतं का ते बघायला, असं मी काहीतरी पुटपुटलो.

बाबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आमचे वाडीत ठावका असलेला कोन कोनाला इचारीत नाय. एकदाच इचारतात. जनावर लागला म्हंजी."

जनावर म्हणजे साप. त्याचं नाव इथे सहसा घेत नाहीत. साप चावलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही आणि त्याची शुद्ध जात नाही ना हे सारखं बघत राहायचं, ही वाडीची रीत. त्यासाठी डोळ्यांसमोर एकेक वस्तू धरायची आणि विचारायचं, हे काय, हा कोण. उत्तर येतंय तोवर माणूस आपला. उत्तर यायचं थांबलं की बायका रडायला लागतात.

आतल्या अंगाला जनीचा बाप काशिनाथ सुतळी वळत बसला होता. तो म्हणाला, "माझेच झाला, सर. दोन वरसां आदी. कापनीला." आणि मग त्याने अगदी सहज, बाजाराची गोष्ट सांगावी तशी सांगितली. दुपारी भात कापताना पायाला लागलं. चौघांनी झोळी केली आणि खाली शेणव्याकडे धावत सुटले, तिथून पुढे जीप. जनी झोळीच्या बाजूने पळत होती. ती पाच वर्षांची. लहान आवाज ऐकला तर बाप जागा राहील म्हणून तिलाच विचारायला लावलं होतं. तिने आपली बांगडी दाखवली, वाटेतलं पान दाखवलं, विळा दाखवला. बाबा, हा काय? बाबा, ह्या काय? तो सांगत राहिला. ओढ्याच्या अलीकडे त्याने सांगायचं थांबवलं.

"पुडचा मना नाय म्हाईत," काशिनाथ म्हणाला. "दवाखान्यात सुई दिली, डोला उगडला, तं ही समोर. हातात बांगडी धरून. तवाबी इचारीत व्हती."

मी जनीकडे पाहिलं तर ती अजून माझ्याकडेच बघत होती.

बाई हळूच म्हणाल्या, "सर, पहिल्या वर्षी जूनमध्ये मी तिसरा पाठ घेतला. तुमच्या पुस्तकात आहे अगदी तसा. पुस्तक उंच धरलं आणि जनीला तीनदा विचारलं. ती किंचाळून घरी पळाली. दुसऱ्या दिवशी कुणीच शाळेत आलं नाही. आया आल्या. म्हणाल्या, बाई, आमच्या पोरींना काय लागलंय ते सांगा तरी."

"हे तुम्ही नोटिशीच्या उत्तरात का नाही लिहिलं?"

"लिहिलं होतं. 'सबब हास्यास्पद' असा शेरा आला."

पुढ्यातली भारंगी कडू होती. ती तशी असतेच, पण त्या दिवशी मला तिची चव कळायला बराच वेळ लागला. धर्माबाबांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाले, "खावा सर. तुमाला तरी काय ठावका?" या माणसाने मला त्या दुपारी जेवढ्या अलगद माफ केलं, तेवढं मला आयुष्यात फार थोड्यांनी केलंय.

वाडी, दुसरा दिवस

परत शेणव्याला जाताना बाई पुढे चालत होत्या, मी मागून. माझ्या मनात गोंधळ चालू होता. परकी भाषा कशी शिकवावी यावर आम्ही वर्षानुवर्षं वाद घालतो. भाषांतर करावं की करू नये, आधी कान की आधी डोळे, सवय लावावी की नियम सांगावेत. पण या सगळ्याच्या खाली एक प्रश्न असतो आणि तो आम्ही क्वचितच विचारतो. समोर बसलेलं मूल म्हणजे नेमकं कोण, असं आपण मानतो? माझ्या तिसऱ्या पाठाने मानलं होतं की ते रिकामं भांडं आहे, आणि मधून मधून वाजवून ते किती भरलं ते बघायचं. हे मी कुठे लिहिलं नव्हतं. मला तसं वाटतं हेही मला ठाऊक नव्हतं. पण पाठात ते होतं आणि वाडीच्या पोरांनी ते बरोबर वाचलं.

आमच्या सौभाग्यवती गेली पंचवीस वर्षं मला सांगत आल्यात की तुम्ही घरातही मास्तरकीच करता. आमटीत मीठ जास्त झालंय हे तुम्हाला कळलेलं असतं, तरी विचारता, "आज आमटीत काय घातलंयस?" त्या दिवशी बांधावर मला ते पहिल्यांदा पटलं.

दुसऱ्या दिवशी मी मागे भिंतीला टेकून बसलो आणि बाईंचा तास पाहिला. बाईंचा नियम एकच होता. आपल्याला ठाऊक नाही तेच विचारायचं. "व्हेअर इज युवर गोट, सोमी?" बाईंना खरंच ठाऊक नव्हतं, कारण सोमीची बकरी कधी कुठे असेल याचा काही नेम नसे. "माय गोट इज ऑन द हिल!" सोमी म्हणाली आणि बाकीच्यांनी खिडकीतून डोंगरावर बकरी दिसते का ते पाहिलं. मग मुठीचा खेळ. एकेक मूल मुठीत काहीतरी लपवून पुढे येई आणि बाई ओळखायला बसत. "इज इट अ स्टोन?" "नो!" "इज इट अ सीड?" "नो!" बाईंना 'नो' म्हणताना त्या मुलांच्या तोंडावर जो आनंद होता तो पाहून मला वाटलं, शिक्षकाला नाही म्हणायची संधी आपण मुलांना एरवी देतो तरी कधी? तपासणीच्या दिवशी साहेबांनी हे बघितलं असतं तर. पण त्यांनी पेन उंच धरलं होतं, आणि सगळी मुलं पायांकडे बघत बसली होती.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी बाईंना विचारलं.

"कुणी नाय, सर." त्या प्रथमच आपल्या बोलीत बोलल्या. "मी धसईची. माझी आयपण अशीच होती. तिला ठावका असलेला ती कधी विचारायची नाय. मग तुमचं पुस्तक वाचून मीपण तसंच विचारलं, आणि जनी पळाली तेव्हा वाटलं, आपल्याला शाळेनं बिघडवलं."

मधल्या सुट्टीत जनीची आई रानातून भाजीची पाटी घेऊन चालली होती. मी तिला थांबवलं आणि पाटी वर्गात नेता येईल का असं विचारलं. ती हसत हो म्हणाली. मी सांगलीचा, या पाटीतलं मला काहीसुद्धा ओळखू येत नव्हतं. करटोली तेवढी खाल्ल्यामुळे ठाऊक, बाकी सगळा हिरवा पाला.

मी एक जुडी उचलली. उंच नाही धरली, हातात घेऊन जनीच्या समोर जमिनीवर बसलो. मनात धाकधूक होती. हीच मुलगी आणि हाच प्रश्न. पण आता मला उत्तर हवं होतं.

"व्हॉट इज धिस?"

दोघातिघांनी पायांकडे पाहिलं. जनीने पाहिलं नाही. ती पुढे सरकली, माझ्या तोंडाशी तोंड आणून माझे डोळे पाहू लागली, वैद्य बघतात तशी. मग मराठीत विचारलं, "सर, तुमाला खराच नाय म्हाईत?"

"नाही गं. खरंच नाही माहीत."

"आईची शपत?"

"आईची शपथ."

तिने जुडी माझ्या हातातून काढून घेतली. एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आणि हळूहळू, एकेक शब्द जपून खाली ठेवावा तसं म्हणाली, "धिस... इज... कुर्डू."

मग काय, पाटीवर गर्दीच झाली. धिस इज टाकळा, धिस इज भारंगी, धिस इज कवळी. कुणी म्हणालं, धिस इज नो गुड, सर, आणि खरंच ते खायचं नसतं असं कळलं. सोमी मला एक पान चघळायला लावून "इज इट बिटर?" असं विचारून बसली, कारण मला ते कसं लागलं हे तिला ठाऊक नव्हतं. अर्धा तास ती पोरं मला शिकवत होती आणि मी शिकत होतो. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला इंग्रजीचा तास होता, आणि त्यात शिक्षक मी नव्हतो.

निघताना धर्माबाबांनी पाटीतली अर्धी भाजी माझ्या पिशवीत कोंबली. मार्गदर्शिका त्या भाजीखाली दबली आणि तिच्या कव्हरला हिरवे डाग पडले.

मुरबाड

मुरबाडला तालुक्यातल्या चाळीसेक शिक्षकांसमोर माझं व्याख्यान आधीच ठरलेलं होतं. विषय, मार्गदर्शिकेचा परिणामकारक वापर. मी उभा राहिलो आणि ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून वाडीची हकीकत सांगितली. सभागृहात खुसफुस झाली. मी विचारलं, "तुमच्याकडे तिसऱ्या पाठाला काय होतं?" आणि लगेच म्हटलं, "मला ठाऊक नाही, म्हणून विचारतोय."

शेवटी मागच्या बाकावरचे, निवृत्तीला आलेले एक गुरुजी उठले. "सर, आमच्याकडं साप नाय. पण पोरं गप्पच असतात. मग मीच विचारतो, मीच सांगतो, आणि वहीत 'प्रतिसाद चांगला' असं लिहितो. लिहायला जागाच तेवढी हाय."

लोक हसले, पण हसता हसता एकेक हात वर येऊ लागला. कुणाच्या वस्तीवरची मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जात आणि परत येईपर्यंत पुस्तक पाच पाठ पुढे गेलेलं असे. कुणाच्या शाळेत चित्रातलं सफरचंद कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं. एक तरुण बाई म्हणाल्या, "सर, आम्हाला वाटायचं, चूक आमचीच." त्या वाक्यावर मी व्याख्यान आवरलं. नंतर त्याच मंडळींनी मला वडापाव आणि चहा दिला. त्यांच्यातला एकही माझ्यावर रागावला नव्हता. रागवायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

धसई

शेवटच्या दिवशी धसईला गेलो. बाजाराचा दिवस. तांदळाच्या गोण्या, वांगी-काकड्यांचे ढीग, मुरबाडच्या एसटीला चिकटलेली माणसं. सुलभाबाई माहेरी आल्या होत्या, त्यांच्या आईने मला घरी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवणानंतर त्यांच्या ओसरीवर बसून मी अभिप्राय लिहायला घेतला.

समोर नोटिशीची प्रत होती. मी ती तोवर दहादा वाचली होती, पण तिचं शेवटचं वाक्य मला धसईत पहिल्यांदा नीट दिसलं. "आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये?" विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं. मी ते बाईंना दाखवलं, तशा त्या म्हणाल्या, "म्हणूनच सर, ते वाचलं तेव्हा मीसुद्धा आधी पायांकडेच बघितलं." आम्ही दोघं हसलो, आणि मग बाईंचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. वाडी सुटेल या भीतीने त्यांनी दोन महिने नीट झोप घेतली नव्हती, हे त्यांनी नाही, त्यांच्या आईने मला सांगितलं.

मी लिहिलं ते असं. "सदर शिक्षिकेने मार्गदर्शिकेतील तिसरा पाठ वगळला हे खरे आहे. तो वगळणे योग्य होते. पाठ सदोष आहे. शिक्षिकेची पद्धत मी स्वतः विद्यार्थी म्हणून अनुभवली असून मला तिचा लाभ झाला आहे. बदली झाल्यास वाडीच्या मुलांचे नुकसान होईल, आणि मार्गदर्शिका सुधारण्यासाठी ज्यांच्याकडून शिकायचे, त्यांनाच आपण गमावून बसू." खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, पाठाचा लेखक.

बाईंनी ते वाचून कागदाची घडी घातली. "सर, तुमचे बाकीचे तिघं तुमच्यावर चिडतील."

"चिडू देत," मी म्हटलं. ते चिडलेही. पण दोघांनी पुढच्या महिन्यात वाडीला जाऊन यायचं कबूल केलं, आणि मी त्यांना बूट नेऊ नका एवढंच सांगितलं.

परतीची गाडी, सांगली, घर, सगळं नेहमीसारखं. हे सगळं लिहायला बसलो ते एका पोस्टकार्डामुळे. बदली रद्द झाली, कुलूप टळलं, असं बाईंनी वरच्या दोन ओळींत कळवलं होतं. खालचा मजकूर असा होता.

"आजवर जनी विचारलं की उत्तर द्यायची. स्वतःहून इंग्रजीत कधी काही विचारत नसे. काल सकाळी हात वर करून तिने मला विचारलं, 'व्हेअर इज सर?' तुम्ही सांगलीला पोचलात की आणखी कुठली शाळा बघायला गेलात, मला कुठे ठाऊक? मी म्हटलं, 'आय डोन्ट नो.' तिने माझे डोळे नीट बघितले. मला खरंच ठाऊक नाही याची खात्री झाल्यावर म्हणाली, मग त्यांनाच लिहून विचारा. म्हणून हे कार्ड."

मी ते दोनदा वाचलं, मग सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्यांनी कपाटातून एक कोरं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवलं, पण त्या भाषेत मला कुणी इतक्या मनापासून काही विचारलं नव्हतं. मोठ्या अक्षरांत, मुलांना वाचता येईल असं लिहिलं, "सर इज इन सांगली." जागा उरली होती. ज्याचं उत्तर मला खरोखर ठाऊक नव्हतं ते त्याखाली लिहिलं.

"मे आय कम?"